गरज नसताना विकत घेत राहणं: हे नेमकं काय असतं आणि ह्यातून बाहेर कसं पडायचं?

निळीशाई

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. माझी मोठी बहीण ह्यातून गेलीये, अजून पूर्ण बाहेर आलेली नाही, तिला विचारून आणि तिने वाचून झाल्यावरच इथे टाकतेय. घरात सगळ्यांनी तिला उधळी ठरवून मोकळं केलं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त महागात पडलं असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

बाहेरून काय दिसायचं ते आधी सांगते. कपाटात टॅग न काढलेले कपडे, त्यातले कितीतरी जवळजवळ एकाच रंगाचे. पलंगाखाली टेपसुद्धा न कापलेले खोके. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायची, खोका तिथेच फोडून टाकायची आणि वस्तू पर्समधून घरी आणायची, कुणी विचारलं की "अगं जुनंच आहे हे". आणि घेतलेल्या गोष्टी ती वापरायची नाही! हे मला सगळ्यात उशिरा कळलं. ज्याला वस्तूंची हौस असते तो माणूस घरी आणतो, घालतो, मिरवतो, चार लोकांना दाखवतो. ताईच्या बाबतीत पैसे भरले की त्या वस्तूतला जीवच जायचा, उरायची ती फक्त लपवाछपवी.

मग वाचायला लागले तेव्हा कळलं की हे काही मोबाईल आल्यापासूनचं खूळ नाहीये. एमिल क्रेपेलिन ह्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ह्याचं वर्णन करून ऑनिओमेनिया असं नाव दिलं होतं, पुढे ऑयगेन ब्लॉयलरनेही त्याबद्दल लिहिलं. म्हणजे कार्ड नव्हतं, ॲप नव्हतं, तरी माणसं अशी अडकत होती. २०१६ मध्ये जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून एक अंदाज काढला गेला, तो प्रौढांमध्ये साधारण ४.९ टक्के असा आहे. शंभरातली पाचेक माणसं, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी असणारच.

इथे कुणाला स्वतःचा किंवा घरातल्यांचा अनुभव असेल तर जरूर लिहा. उपदेश नकोत प्लीज, ते ऐकून झालेत.

वाटसरू

चांगला विषय. पण एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. प्रत्येक वाईट सवयीला आजार म्हटलं की माणसाची जबाबदारीच संपते ना? पैसे कसे वापरायचे हे शिकवलं, बजेट लिहायची सवय लावली, कार्ड काढून घेतलं तर प्रश्न सुटायला हवा. आमच्या ऑफिसात एकजण सतत कर्जात असतो, त्याला मी तरी आळशी आणि बेफिकीरच म्हणेन.

निळीशाई

@वाटसरू, राग नाही, आम्हीही हेच म्हणत होतो. ताई स्वतः अकाउंट्समध्ये आहे हो. तिला व्याज कसं चढतं हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, दुसऱ्यांचे हिशोब ती चोख ठेवते. कार्ड काढून घेतलं तेव्हा तिने मैत्रिणीकडून उसने घेतले. माहिती नसल्यामुळे होत असतं तर तिच्या बाबतीत झालंच नसतं.

कोरीपाटी

हा धागा बघून आयडी काढला. मला हे आहे. कुणाला सांगितलेलं नाही, फक्त नवऱ्याला अर्धवट माहितीये.

कसं होतं ते लिहायचा प्रयत्न करते कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आम्ही मजा मारतो. दिवसभर काही नसतं. रात्री सगळं आवरून झालं, घर शांत झालं की छातीत एक अस्वस्थपणा सुरू होतो, कुणाशी तरी काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं पण काय ते सापडत नाही, आणि मग हात आपोआप फोनकडे जातो. बघायला लागलं की तो अस्वस्थपणा बंद होतो. अगदी बंद. एखादी बॅग सापडते, तिचे सगळे फोटो झूम करून बघते, आतले कप्पे, चेन कुठल्या बाजूला आहे, लोकांनी काय लिहिलंय, कुणी उंचीसकट फोटो टाकलाय का, आणि तेवढा वेळ मी दुसरीच कुणीतरी असते, जिच्याकडे ती बॅग आहे आणि जिचं सगळं नीट चाललंय. पेमेंट झाल्याचा मेसेज आला की मिनिटभर बरं वाटतं. फोन खाली ठेवला की पोटात खड्डा पडतो. सकाळी नवऱ्याच्या डोळ्यात बघवत नाही. पार्सल येतं तेव्हा ते उघडायचीसुद्धा इच्छा नसते, ते बघितलं की ती रात्र आठवते, म्हणून ते तसंच माळ्यावर जातं आणि परत करायची मुदत निघून जाते.

हे आळशीपणाचं आहे का मला माहीत नाही. मला थांबायचंय.

सुरंगी

@कोरीपाटी, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, इथे कुणाचं निदान करणार नाही, करता येतही नाही, पण थोडी माहिती देते कारण वरचं वर्णन इतकं नेमकं आहे की त्यावरूनच सगळं समजावता येईल.

डॉनल्ड ब्लॅक ह्या संशोधकाने ह्याचे चार टप्पे मांडलेत: आधी डोक्यात घोळायला लागणं, मग तयारी (कुठे जायचं, काय बघायचं, कुठलं कार्ड वापरायचं), मग प्रत्यक्ष बघणं-निवडणं आणि शेवटी पैसे देणं. पैसे दिले की उतरती कळा. ओढ जी आहे ती पहिल्या तीन टप्प्यांची आहे, म्हणून वस्तू हातात आली तरी पोट भरत नाही. ह्यामागे मेंदूचं जे काम आहे त्यातला एक भाग बऱ्यापैकी कळलेला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ ह्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की रस मिळणार असल्याची खूण माकडांना एकदा कळली की डोपामिनच्या (मेंदूतलं ओढ निर्माण करणारं रसायन) पेशी खूण दिसताक्षणीच उसळतात, रस प्रत्यक्ष मिळतो तेव्हा नाही. आता फोनवरचं नोटिफिकेशन, सेलचा बोर्ड, "शेवटचे दोनच शिल्लक" ही पाटी, ह्या सगळ्या खुणाच आहेत.

दुसरं, २००७ मध्ये ब्रायन नट्सन आणि सहकाऱ्यांनी माणसं खरेदी करत असताना त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. आवडती वस्तू दिसली की एक भाग जागा होतो आणि किंमत अवाजवी वाटली की दुसरा, जो एरवी नकोशा, त्रासदायक गोष्टींच्या वेळी जागा होतो. पैसे देणं थोडं टोचतं, ते असं. आणि ते टोचणं आपल्या कामाचं असतं.

@वाटसरू, आजार म्हणायचं की नाही ह्यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहे हे खरं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात, ह्याला वेगळं निदान म्हणून जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ ह्या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमधल्या 'इतर' गटात ह्याची नोंद होते. पण नाव काहीही द्या, जबाबदारी संपत नाही. उपचारात अर्धं काम रुग्णालाच करायचं असतं. फक्त "शिस्त नाही" म्हटलं की माणूस लाजतो, लाजला की लपवतो, लपवलं की अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ झाला की त्याच्याकडे बरं वाटायचा एकच रस्ता असतो.

वाटसरू

हा शेवटचा मुद्दा पटला. त्या ऑफिसातल्या माणसाशी मी ह्या वर्षात धड बोललेलोच नाहीये.

केशर

माझ्या आत्याचं थोडं वेगळं आहे म्हणून विचारते. ती स्वतःसाठी काहीच घेत नाही, सगळं दुसऱ्यांसाठी, भाचरांसाठी, शेजारणीसाठी, कामवाल्या मावशींसाठी, तिच्याकडे एक खोलीभर गिफ्ट्स आहेत "कुणाला तरी होतील" म्हणून. सगळे म्हणतात किती मोठ्या मनाची आहे. पण तिने बचत मोडली आणि काकांना बँकेच्या पत्रावरून कळलं. हे ह्यातच येतं का?

सुरंगी

येऊ शकतं हो. कुणासाठी घेतलं ह्यापेक्षा थांबवायचं ठरवून थांबवता येतं का, त्यापायी पैसा-नाती-झोप बिघडतेय का, लपवाछपवी आहे का हे बघायचं. देणाऱ्याचं कौतुक होतं म्हणून असं माणूस फार उशिरा लक्षात येतं.

तसंच पुरुषांचं. हा बायकांचा त्रास आहे असं सर्रास समजलं जातं. अमेरिकेत २००६ मध्ये अडीच हजारांवर लोकांचं फोनवरून सर्वेक्षण झालं, त्यात बायकांमध्ये ६ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.५ टक्के असं निघालं, म्हणजे फरक नसल्यातच जमा. पुरुष कॅमेऱ्याच्या लेन्स, हेडफोन, अवजारं, गाडीचे सुटे भाग घेतात आणि त्याला छंद म्हटलं जातं.

रातवा

इथे एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायचीये. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस, पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहिणारा. त्यांनी अचानक घड्याळं मागवायला सुरुवात केली. मग रेडिओ, मग परत घड्याळं. आई म्हणाली म्हातारपणी हौस करतायत तर करू दे, मी म्हणालो डोक्यावर परिणाम झाला. महिनोन् महिने घरात भांडणं. शेवटी नवीन डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी बघून सरळ विचारलं, "खरेदी, जुगार, खाणं, ह्यातलं काही वाढलंय का?"

त्यांना जे औषध चालू होतं ते डोपामिनसारखं काम करणारं होतं, प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्या गटातली औषधं. २०१० मध्ये पार्किन्सन्सच्या ३०९० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात ५.७ टक्के लोकांमध्ये अनावर खरेदी आढळली आणि ह्या गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये असे त्रास जास्त होते. डॉक्टरांनी हळूहळू डोस बदलला आणि बाबा निवले. ते स्वतः म्हणाले, "मला कळत होतं रे, पण हात थांबत नव्हता."

औषध स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, त्याचे वेगळे आणि वाईट परिणाम होतात. फक्त डॉक्टरांना सांगा. लाजेपायी सांगितलं जात नाही आणि त्यांनी विचारलं नाही की राहून जातं.

सुरंगी

@रातवा, फार महत्त्वाचं लिहिलंत. ह्यात अजून एक नाव जोडते, ॲरिपिप्राझोल. मानसिक आजारांत वापरतात. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता की क्वचित जुगार, खाणं, खरेदी ह्यांची अनावर ओढ लागू शकते. आणि बायपोलरमध्ये (मूड टोकाचा चढतो-उतरतो तो आजार) चढत्या मूडच्या काळात लोक भरमसाठ पैसा उडवतात, झोप कमी, बोलणं जास्त, मोठमोठ्या योजना, तसं असेल तर उपचार पूर्णच वेगळे. म्हणून एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन तपासून घ्यावं असं मी नेहमी म्हणते. नैराश्य आणि चिंता तर ह्याच्याबरोबर इतक्या वेळा असतात की त्यांच्यावर उपचार केल्याशिवाय खरेदीला हात घालणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसत बसणं.

चौकट

बायकोच्या बाबतीत आम्ही काय काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

सगळ्या साइट्सवर सेव्ह केलेली कार्डं काढली. हे फालतू वाटतं पण मोठा फरक पडला. एका क्लिकमध्ये खरेदी करायच्या सोयीवर अॅमेझॉनला १९९९ मध्ये चक्क पेटंट मिळालं होतं, ते २०१७ पर्यंत चाललं, म्हणजे मधल्या दोन पायऱ्या गाळल्या तर किती जास्त विकलं जातं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपण त्या पायऱ्या परत घालायच्या. कार्डाचा नंबर दरवेळी उठून पाकिटातून आणून टाकायचा, आणि पाकीट दुसऱ्या खोलीत.

जमेल तिथे रोख. २००१ मध्ये दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता, सामन्याच्या तिकिटांची बोली लावायला सांगितली, अर्ध्यांना म्हणाले रोख द्यावी लागेल, अर्ध्यांना क्रेडिट कार्ड. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुप्पट गेली. तिकिटं तीच.

ॲप्स काढली, जाहिरातींचे मेल-मेसेज बंद केले. आवडलेली गोष्ट कार्टमध्ये टाकून ठेवायची आणि दोन दिवसांनी बघायची असंही ठरवलं.

आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट: तिचं कर्ज मी गुपचूप फेडायचं थांबवलं. आधी दरवेळी फेडायचो, दरवेळी ती रडून शपथ घ्यायची, दरवेळी दोघांनाही वाटायचं आता संपलं. काउन्सेलरसमोर बसून आम्ही सगळी देणी एका कागदावर लिहिली आणि हप्ते ठरवले, तिच्या पगारातून. त्या दिवशी ती मला म्हणाली की पहिल्यांदाच रात्री झोप लागली.

सुरंगी

@चौकट, जवळजवळ सगळ्याशी सहमत. फक्त कार्टबद्दल सावध करते. कार्ट हे त्यांचं घर आहे, तुमचं नाही. तिथून आठवणीचे मेसेज येतात, "किंमत कमी झाली" येतं, आणि कोरीपाटींनी लिहिलंय तसं घोळत राहणं हाच ज्याचा मूळ ओढीचा भाग आहे त्याच्यासाठी भरलेलं कार्ट म्हणजे रोज रात्री उघडायचं दार. त्यापेक्षा वहीत लिहा, पेनाने. काय हवंय, आत्ता कुठे आहे, काय झालं होतं त्याच्या आधी. आणि साइट बंद करा.

हा "आधी काय झालं" रकाना मी मुद्दाम भरून घेते. पहिले काही दिवस लोक "काही नाही, सहज" लिहितात. मग हळूहळू दिसायला लागतं की सासूबाईंचा फोन येऊन गेल्यावर होतंय, किंवा ऑफिसात वरिष्ठांनी चारचौघांत बोलल्यावर, किंवा रविवारी संध्याकाळी, किंवा मुलगा परगावी गेल्यापासून. एकदा वेळ आणि कारण सापडलं की त्या वेळेला दुसरं काय करता येईल ह्यावर काम करता येतं. ओढ ही लाटेसारखी चढते आणि काही न करता बसलं तरी उतरते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय खरं वाटत नाही.

ही सगळी सीबीटीची पद्धत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून चालणारी उपचारपद्धती. २००६ मध्ये गट-सत्रांचा अभ्यास झाला, त्यात खरेदीचे प्रसंग आणि खरेदीत जाणारा वेळ दोन्ही कमी झाले आणि ६ महिन्यांनंतरही सुधारणा टिकली होती. अभ्यास छोटा होता हे खरं, पण आजघडीला सगळ्यात भरवशाचा रस्ता हाच दिसतो. गोळीने खरेदी थांबेल अशी आशा धरू नका, फ्लुवॉक्सामिन ह्या नैराश्यावरच्या औषधाच्या चाचण्यांमध्ये खोट्या गोळीइतकाच फरक पडला होता. नैराश्यावर मात्र औषध लागलं तर जरूर घ्या. ज्यांना गटात बोलावंसं वाटतं त्यांच्यासाठी डेटर्स ॲनॉनिमस ही कर्जात अडकलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना आहे, १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली, त्यांच्या ऑनलाइन मीटिंग्ज असतात आणि नाव सांगावं लागत नाही.

वाटसरू

पण मग दारूसारखं पूर्ण बंद का नाही करायचं? ते सोपं नाही का?

निळीशाई

ताईने करून बघितलं. जमत नाही कारण साबण-तेल-चपला तर लागतातच. पूर्ण बंदी घातली की साध्या गरजेची खरेदीसुद्धा गुन्हा वाटायला लागते, आणि एकदा मोडली की "आता मोडलीच आहे तर" असं होऊन दोन आठवड्यांचं एका दिवसात होतं. आता ती यादी घेऊन दुकानात जाते, बहुतेक वेळा माझ्याबरोबर, ऑनलाइन फक्त महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी आणि दिवसाउजेडी. मधेच घसरते. पण आता घसरली की त्याच दिवशी मला फोन करते, आधी चार-चार महिने कळायचं नाही. मला विचाराल तर खरी सुधारणा हीच, कपाट किती रिकामं झालं ती नाही.

अवांतर: घरातल्यांनी तिच्या पार्सलवरून केलेले विनोद थांबवले हेही त्यात आलं. दादाला समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

केशर

आत्याशी बोलायला सुरुवात कशी करू? ती लगेच म्हणते "तुमच्यासाठीच घेते ना".

चौकट

पैशापासून सुरुवात करू नका. मी केली होती, तिने दार लावून घेतलं. झोप लागते का, एकटं वाटतं का, इथून सुरू करा. आणि काका खोलीत नसताना.

कोरीपाटी

सगळं दोनदा वाचलं. काल रात्री वहीत लिहिलं. "आधी काय झालं" ह्यापुढे मी पण "सहज" लिहिलं होतं, मग थोड्या वेळाने खोडून खरं ते लिहिलं. ते इथे नाही लिहीत. काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतलीये, नवऱ्याला सांगूनच.

एक प्रश्न आहे. माळ्यावरच्या न उघडलेल्या पार्सलांचं काय करू? सगळं एकदम देऊन टाकावंसं वाटतंय.

सुरंगी

एकदम नको. सगळं रिकामं केलं की दोन दिवस हलकं वाटतं आणि मग ती रिकामी जागा भरावीशी वाटते, हे खूप जणांचं होतं. आधी कुणालातरी सोबत घ्या, एकटीने माळ्यावर चढू नका. ज्यांची परत करायची मुदत अजून आहे तेवढीच बाजूला काढा आणि तेवढीच परत पाठवा. रिफंड त्यांच्या वॉलेटमध्ये किंवा क्रेडिट म्हणून अजिबात घेऊ नका, मूळ खात्यातच मागा, नाहीतर ते पैसे तिथेच खर्च होतात. बाकीची नंतर, काउन्सेलरशी बोलून, थोडी थोडी.

कोरीपाटी

वॉलेटचं लक्षातच आलं नव्हतं, मी दरवेळी तेच निवडायचे. उद्या नणंद येतेय, तिला आजच मेसेज करून सगळं सांगितलं. दोन पार्सलांची मुदत अजून आहे, ती आधी.